बिगी नको, बिगीबिगीही नको

आठवी-नववीतल्या मुलांना आता गिअरचीच सायकल हवी असते. घरात दोन-चार महिने हट्ट चालतो आणि शेवटी ती येते. सुरुवातीला सगळे छान असते. मग चढावर गिअर आपोआप उडू लागतो, मागून कटकट आवाज येतो आणि चिरंजीव जाहीर करतात, "पप्पा, सायकल खराब निघाली." बहुतेक वेळा सायकल खराब नसते. मागच्या चाकाशी दोन छोट्या कप्प्या घेऊन लोंबणारा जो हात असतो, त्या डिरेलरचा मेळ तेवढा बिघडलेला असतो.

डिरेलरचे काम चेनला एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर नेण्याचे. हँडलवरचा खटका केबल ओढतो तेव्हा चेन मोठ्या चक्रीकडे चढते. केबल सैल सोडली की आतली स्प्रिंग तिला लहान चक्रीकडे आणते. पूर्वी चालवणारा अंदाजानेच दांडी सरकवत असे. 1984 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने शर्यतीच्या सायकलींसाठी 'टक्' आवाजासरशी नेमके एक घर सरकणारी रचना आणली आणि पुढे ती माऊंटन बाइकवरही आली. मुलांचे काम सोपे झाले, पण केबलची जबाबदारी वाढली. ती मिलिमीटरभर सैल झाली तरी चेन दोन चक्र्यांच्या मध्ये कुरकुरते. नवी केबल पहिल्या काही आठवड्यांत थोडी सैल होतेच. म्हणून नवी सायकल महिन्याभराने पुन्हा दुकानात दाखवावी.

एवढे घरीही जमते. केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते, तिथे हाताने फिरणारा खाचांचा गोल नट असतो (काही सायकलींत तो हँडलच्या खटक्यापाशी असतो). चेन मोठ्या चक्रीवर चढायला कुरकुरत असेल, तर मागून पाहत डिरेलरजवळचा नट घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा. लहान चक्रीवर उतरायला उशीर होत असेल तर सुलट फिरवा. दर वेळी पायडल हाताने फिरवून बघा. आमच्याकडचे कन्नड मिस्त्री सांगतात, "भाळ बिगि माडब्याड्री", म्हणजे फार घट्ट करू नका. मराठीत बिगीबिगी म्हणजे घाईघाईने. गिअरच्या कामात दोन्ही नडतात.

डिरेलरवरच्या 'एच' आणि 'एल' अक्षरांच्या दोन स्क्रूंना मात्र मुलांनी हात लावू नये. गिअर नीट पडत नाही म्हटल्यावर पेचकस नेमका तिकडेच जातो. ते स्क्रू गिअर जुळवण्याचे नव्हेत. चेनने कुठवर जायचे, एवढेच ते ठरवतात. सीमाभागातल्या माणसाला हद्द म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको! 'एच' लहान चक्रीकडची हद्द राखतो, 'एल' मोठ्या चक्रीकडची. 'एल' जास्त सैल झाला तर चढावर, म्हणजे सगळा जोर पायडलवर असताना, चेन मोठ्या चक्रीपलीकडे जाऊन चाकाच्या तारांत पडते. डिरेलरही तारांत ओढला जातो, मागचे चाक जागीच अडकते. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर किंवा निपाणीजवळच्या तवंदी घाटात, मागून ट्रक येत असताना हे घडले तर काय होईल, याचा विचार पालकांनी करावा.

खरे दुखणे पुष्कळदा तिसरीकडेच असते. शाळेच्या स्टँडवर एक सायकल पडली की पाच पडतात, आणि उजव्या बाजूवर पडलेल्या सायकलीचा डिरेलर ज्या पट्टीला टांगलेला असतो तो हँगर आत वाकतो. सायकलीच्या मागे उकिडवे बसून बघा. दोन्ही कप्प्या चक्रीच्या सरळ रेषेत खाली हव्यात. खालची कप्पी तारांकडे कललेली दिसली, तर नट कितीही फिरवा, गिअर जुळणार नाही. हँगर सरळ करण्याचे माप असलेल्या मिस्त्रीकडेच जावे. ॲल्युमिनियमच्या सायकलीचा हँगर बहुधा सुटा बदलता येतो, पण प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा. घेतानाच एक जादा मागून ठेवलेला बरा. स्वस्त सायकलींत तो मागच्या चाकाच्या नटाखाली दाबलेला साधा पत्रा असतो. पंक्चर काढल्यावर तो जागेवर नीट बसला की नाही, हे कोणी बघतच नाही.

आपल्या खेड्यापाड्यातले मिस्त्री बिनगिअरच्या सायकलींवर तयार झाले. 2006-07 पासून कर्नाटकात आठवीच्या मुलामुलींना सरकारी सायकली मिळू लागल्या, त्याही बिनगिअरच्याच. त्यांच्या हातात कसब आहे, पण नव्या यंत्राला नवी नजर लागते. उद्यमबागेत मशीनवर बोटाइतक्या फरकाला नव्हे तर केसाइतक्या फरकाला जपणारी माणसे आपल्या बेळगावात आहेत. त्यांना हे समजायला एक दुपार पुरे.

खानापूरकडचा तांबडा चिखल असो की निपाणीकडची काळी माती, केबलच्या नळीत शिरली की केबल अडखळते. मग ती कितीही ताणली तरी गिअर उशिराच पडतो. अशी नळी आणि केबल दोन्ही बदलावीत. आणि मुलांना सांगावे की गिअर चढ लागायच्या आधी टाकायचा, त्या क्षणी पायडलवरचा जोर थोडा कमी करून.