ग्रहणाचे दान



दुबईच्या मुश्रिफ उद्यानात एक खगोलकेंद्र आहे. त्याचे नाव अल थुराया. अरबीत थुराया म्हणजे आपल्या कृत्तिका. कृत्तिकांच्या मागोमाग रोहिणी उगवते. तिला अरबांनी ‘अल दबरान’, म्हणजे मागून येणारी, म्हटले आणि तेच नाव अल्डेबरन होऊन जगभर रूढ झाले. दुबई ॲस्ट्रॉनॉमी ग्रुप या मंडळाचे हे ठाणे. तारांगण आहे, दुर्बीण आहे, आणि रांगेत उभ्या माणसाला त्याचे आडनाव कोणी विचारत नाही. (या देशात माणूस मोजण्याची मापे दुसरी आहेत, हे आपण जाणतोच.) शारजातही असेच मोठे तारांगण आहे.

महाराष्ट्रात हा छंद जुना. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, वरळीचे नेहरू तारांगण १९७७ सालचे. माझ्या आजीचे आकाश मात्र निराळे होते. ग्रहण लागले की लहानपणी ती आईबरोबर टोपली घेऊन गावात फिरे आणि ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी देई. राहू-केतूंचे नाते महार-मांगांशी जोडलेले. म्हणून चंद्र सुटावा यासाठी दान यांना द्यायचे. आकाशातल्या सावलीचा दोषही आमच्याच पदरी. १९५६ नंतर आजीने टोपली टाकली ती कायमची. ग्रहणात विळी धरायची नाही, हे मात्र तिच्या हातून सुटले नाही.

आणि आपल्या घरांतून तरी ते कुठे सुटले आहे? २०२५ च्या ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होते. दुपारीच गावाहून आईचा फोन आला : “तिला बाहेर काढू नकोस, दिवस भरत आलेत.” माझी आई रोज त्रिशरण-पंचशील म्हणते. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणांची भाकिते सांगून पोट भरणे हीन विद्यांत गणले आहे, हे मी तिला सांगू शकलो असतो. (संयुत्तनिकायात राहूने धरलेला चंद्र बुद्धाला शरण जातो, अशीही कथा आहे, वाद घालताना ती लपवू नये.) पण मी गप्प राहिलो. निर्णय पत्नीने केला. “मला पाहायचे आहे,” ती म्हणाली.

शहराच्या दिव्यांपासून दूर वाळूत चार-पाच हौशी मंडळींनी दुर्बिणी मांडल्या होत्या. आधी शनी पाहिला. त्या वर्षी त्याची कडी जवळजवळ आडवी असल्याने नुसती बारीक रेघ दिसत होती. साडेसातीचा धाक घालणारा तो हाच, यावर विश्वास बसेना. रात्री साडेनऊला चंद्र पूर्ण झाकला गेला आणि तांब्याच्या जुन्या नाण्यासारखा दिसू लागला. तो तसाच ऐंशीहून अधिक मिनिटे राहणार होता.

गावाकडे ढग होते. फोन नेत्रिकेला लावून मी आईला व्हिडिओ कॉल केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लाल का दिसतो रे?”

मी सांगितले : पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला सूर्याचा तांबडा प्रकाश तेवढा त्याच्यावर पडतो, बाकी सगळी पृथ्वीची सावली.

“म्हणजे आपलीच सावली,” ती म्हणाली. मग सुनेला फार वेळ उभी ठेवू नकोस, खुर्ची दे, असे बजावून तिने फोन ठेवला.