‘उदार’ कोण आणि कोणासाठी?

काही दिवसांपूर्वी एका अभ्यासशिबिरात एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न केला, “सर, रानडे-गोखले उदारमतवादी होते असे आपण आदराने सांगतो आणि उदारीकरणाविरुद्ध मोर्चेही काढतो. मग उदार असणे चांगले की वाईट?” हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या शब्दाच्या मूळ घराण्याकडे जावे लागते.

लॅटिनमध्ये ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र, जो कोणाचाही गुलाम नाही असा मनुष्य. त्यावरून झालेल्या ‘लीबेरालिस’ या विशेषणाचे दोन अर्थ होते : स्वतंत्र माणसाला शोभणारे, आणि सढळ हाताचे. ज्याला पोटासाठी राबावे लागत नाही त्याला शोभणाऱ्या विद्या त्या ‘लीबेरालिस’ विद्या. गुलामांनी राबावे आणि स्वतंत्रांनी अध्ययन करावे, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे स्वातंत्र्याचे मूल्य आणि त्या स्वातंत्र्याची मक्तेदारी, ही दोन्ही या शब्दाच्या पोटात प्रारंभापासूनच आहेत.

त्याला राजकीय अर्थ प्राप्त झाला तो स्पेनमध्ये. नेपोलियनच्या फौजांनी देश व्यापला असताना १८१० साली काडिझ येथे लोकप्रतिनिधींची सभा भरली व १८१२ मध्ये तिने राजसत्तेला मर्यादा घालणारी राज्यघटना दिली. तिचे समर्थक स्वतःला ‘लिबेरालेस’ म्हणवीत. अनियंत्रित राजसत्तेच्या पाठीराख्यांना त्यांनी ‘सेर्विलेस’, म्हणजे दास्यवृत्तीचे, असे नाव ठेवले.

पुढे प्रत्येक देशाने या शब्दाला आपापल्या वर्गसंघर्षाचा रंग दिला. इंग्लंडात तो प्रथम खुल्या व्यापाराशी जोडला गेला. परंतु त्याच परंपरेतील जॉन स्टुअर्ट मिल याने आत्मचरित्रात स्वतःची गणना समाजवाद्यांत केली. लिबरल पक्षाच्याच सरकारने १९०८ साली वृद्धांना निवृत्तिवेतन आणि १९११ साली कामगारांना विमा देणारे कायदे केले. भुकेल्या माणसाचे करारस्वातंत्र्य हे नावापुरतेच असते, ही जाणीव त्यामागे होती. अमेरिकेत १९३३ नंतर रूझवेल्टच्या धोरणांमुळे ‘लिबरल’ म्हणजे लोककल्याणासाठी शासनाच्या हस्तक्षेपाचा कैवारी, असा अर्थ रूढ झाला. उलट, फ्रान्समधील डावा कार्यकर्ता एखाद्या मंत्र्याला ‘लिबेराल’ म्हणतो, तेव्हा तो त्याच्यावर बाजारपेठेची तरफदारी केल्याचा आरोप करीत असतो. अक्षरे जवळजवळ तीच, पण रोख नेमका विरुद्ध!

हा गुंता इटालियन भाषेने सोडविला. तेथे राजकीय व नैतिक स्वातंत्र्याच्या तत्त्वाला ‘लिबेरालिझ्मो’ म्हणतात आणि मुक्त बाजाराच्या अर्थनीतीला ‘लिबेरिझ्मो’. पहिल्याला दुसऱ्याची अपरिहार्य गरज नाही, असे तत्त्वज्ञ क्रोचे यांचे म्हणणे होते. आर्थिक स्वातंत्र्यावाचून राजकीय स्वातंत्र्य टिकत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ एइनाउदी यांचे. हा वाद दीर्घकाळ चालला. तो मिटला नाही, तरी वाद कशाविषयी आहे हे स्पष्ट राहिले.

आपल्याकडे मात्र १९९१ नंतर वेगळेच घडले. निर्बंध उठविण्याच्या धोरणाला ‘उदारीकरण’ म्हटले गेले. मराठीत उदार म्हणजे दाता. लॅटिन शब्दाचा तो दुसरा, सढळ हाताचा अर्थ या धोरणाला विनासायास चिकटला. परवाना-पद्धतीतील सारेच निर्बंध गरिबांच्या हिताचे होते असे नव्हे, हे मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मान्य करतो. परंतु कोणते बंधन कोणासाठी सैल झाले, भांडवलासाठी की मजुरासाठी, हा प्रश्न या गोड नावाखाली झाकला गेला. आणि ज्यांची पुण्याई त्या नावाला लाभली, त्या रानड्यांनी तर १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत असे सांगून शासनाच्या सक्रिय साहाय्याचा पुरस्कार केला होता! गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेही शासनावर जबाबदारी टाकण्यासाठीच.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे : धोरणाला त्याच्या खऱ्या नावाने, ‘बाजारमुक्ती’ म्हणून, संबोधावे आणि तिचा हिशेब मागावा. मात्र तिच्यावरील रागापोटी उदारमतवादाला ‘भांडवलदारांचे तत्त्वज्ञान’ म्हणून झिडकारू नये. भाषणस्वातंत्र्य, न्यायालय आणि सभेचा हक्क यांची किंमत १९७५ च्या आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या समाजवाद्यांना कोणी पुस्तकातून शिकवावी लागली नाही. समाजवादाचे काम स्वातंत्र्य नाकारण्याचे नाही. रोमने जे मूठभरांसाठी राखून ठेवले, ते राबणाऱ्यांच्या हाती देण्याचे आहे.