हातावर बसला म्हणजे माणसाळला काय?

(द्वितीय वर्ष, कला)

शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण सरडा म्हणतो. निवडणुकीच्या दिवसांत तर या उपमेला ऊत येतो. पण बाबा रे, तू रंग का बदलतोस, असे त्या मुक्या जीवाला कोणी विचारले आहे काय? ज्याच्या रंगांची ही कीर्ती, तो शॅमेलिऑन. आपल्याकडे त्याला घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतात. परदेशी लोकांच्या हातावर डुलत चालणारा शॅमेलिऑन मोबाइलवर पाहून आपल्याकडेही काहींना तो पाळण्याची, माणसाळवण्याची हौस वाटू लागली आहे. माझ्या वर्गमित्रांतही ती आहे. त्या हौसेविषयी माझे मत स्पष्ट मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायद्याचे पाहू. भारतीय शॅमेलिऑनला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे किंवा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. परंतु केवळ शिक्षेच्या धाकाने हौस सोडावी, असे माझे म्हणणे नाही. ती हौस मुळातच एका गैरसमजावर उभी आहे.

पार्श्वभूमीसारखा रंग धारण करून हा प्राणी लपतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्याचा रंग मुख्यतः ऊन, थंडी, भीती, राग यांप्रमाणे बदलतो. मादागास्कर बेटावरील पँथर शॅमेलिऑनवर जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी केलेले संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या त्वचेतील पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्या स्फटिकांमधील अंतर वाढले की रंग पालटतो. नर निवांत असताना हिरवा दिसतो, खवळला की पिवळा-तांबडा होतो. म्हणजे रंग ही त्याची लबाडी नव्हे, ती त्याची बोली आहे. आपण मात्र त्या बोलीला कधी शिवी केले, कधी करमणूक!

आता माणसाळवण्याचे पाहू. पिंजऱ्यात जन्मलेले शॅमेलिऑन परदेशात रीतसर पाळले जातात. तेथील जाणकार सांगतात की, त्याला वरून कधी पकडू नये, कारण झडप घालणारा पक्षी वरूनच येतो. हात किंवा काठी समोर धरावी व त्याला आपण होऊन चढू द्यावे. अंग काळवंडले, गळा फुगला, तोंड वासून तो फुत्कारू लागला की लगेच दूर व्हावे. इतके सगळे सांभाळून महिनोन्‌महिन्यांनी काय साधते? तो माणसाला सहन करू लागतो, एवढेच. कुत्रा मालकाला पाहून शेपूट हलवतो, तशी माया येथे संभवत नाही. साधी पाण्याची गोष्ट घ्या. वाटीतले साठलेले पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून ओळखूच येत नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो. अंगाला ऊन न मिळाल्यास त्याची हाडे मऊ पडून वाकतात. काचेच्या पेटीत वाटीभर पाणी ठेवून 'आम्ही याची काळजी घेतो' असे म्हणणारा माणूस त्याला प्रेमानेच मारत असतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्या गावाकडे घोयऱ्याला विषारी समजून दगड घालतात. तो विषारी मुळीच नाही. गावातला माणूस त्याला भीतीपोटी मारतो आणि शहरातला हौसेपोटी कोंडतो. दोघांच्याही लेखी त्या जीवाला स्वतःचे असे काही म्हणणे नाही.

येथे मला आमच्यासारख्या मुलांची आठवण होते. खेड्यातून आलेला मुलगा वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतो. लोक म्हणतात, मुलगा मोठा शांत आहे हो, लवकर रुळला! तो रुळलेला नसतो, बिचकलेला असतो. इंग्रजी शब्द चुकेल, कोणी हसेल, या धास्तीने त्याची जीभ टाळ्याला चिकटलेली असते. गप्प राहणे म्हणजे सुखी असणे नव्हे, हे आम्ही अनुभवाने जाणतो. मग हातावर निश्चल बसलेल्या मुक्या प्राण्याला 'माणसाळला' असे प्रशस्तिपत्र आपण कोणत्या आधारावर देतो?

तेव्हा मित्रहो, घोयरा पाहायचा तर पावसाळ्यात रानात जा. झुडपापासून चार हात दूर उभे राहा. त्याचे दोन डोळे दोन दिशांना कसे फिरतात, शरीराहून लांब जीभ क्षणात किडा कशी टिपते, ते डोळे भरून पाहा. रस्ता ओलांडताना दिसला तर काठी पुढे करा, तो चढेल. ज्या बाजूला निघाला होता, त्या बाजूच्या झुडपावर त्याला अलगद सोडा. तेवढाच स्पर्श पुरे. त्याला माणसाळवण्याच्या खटाटोपापेक्षा आपणच थोडे अधिक माणूस झालो, तर ते शिक्षणाचे सार्थक ठरेल, असे मला वाटते.