सॉफ्टवेअरवर बोलण्याचा अधिकार कोणाचा?

सरकारी संकेतस्थळांची उद्घाटने या देशात नित्याचीच झाली आहेत. तेव्हा राजस्थान सरकारने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जयपूर येथे ‘जनसूचना पोर्टल’ सुरू केले यात विशेष ते काय, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. विशेष होते ते या पोर्टलच्या जन्माच्या हकिकतीत. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे अधिकारी व संगणक अभियंते एका बाजूस, आणि मजदूर किसान शक्ती संघटन व माहिती अधिकाराच्या चळवळीतील कार्यकर्ते दुसऱ्या बाजूस, अशा बैठका त्या काळात होत राहिल्या. त्यांना ‘डिजिटल संवाद’ असे नाव पडले. जनतेला कोणती माहिती द्यावयाची, ती कोणत्या स्वरूपात पडद्यावर यावी, अर्ज न करता व कोणाचे उंबरठे न झिजवता खेड्यातील मजुराला ती कशी मिळावी, हे तेथील चर्चेचे विषय होते. प्रारंभी १३ खात्यांच्या २३ योजनांची माहिती खुली झाली. पुढे ही संख्या बरीच वाढली. सॉफ्टवेअर कसे असावे या वादात, ज्यांच्या पोटावर त्या सॉफ्टवेअरचा परिणाम व्हावयाचा त्यांच्या वतीने बोलणारी माणसे बसली, ही घटना लहान नव्हे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांची जमात मुळात वादप्रिय आहे. मजकूर लिहिण्यासाठी ‘व्हीआय’ बरे की ‘ईमॅक्स’, हा वाद ही दोन्ही साधने १९७६ च्या सुमारास जन्मली तेव्हापासूनचा असून त्याला अंत नाही. आज्ञावलीतील ओळीच्या आरंभी मोकळी जागा कोणत्या कळीने सोडावी, एवढ्यावरूनही सुशिक्षित माणसे एकमेकांवर तुटून पडतात. जानेवारी १९९२ मध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम या ख्यातनाम प्राध्यापकाने, लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने रचलेली ‘लिनक्स’ ही प्रणाली रचनेच्या दृष्टीने कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले. विद्यार्थ्याने तितक्याच तिखट शब्दांत उत्तर दिले. आज जगातील अँड्रॉइडचे सर्व फोन आणि सर्व्हरांचा फार मोठा भाग त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. हौशी मंडळींच्या या भांडणांना हसणे सोपे आहे. परंतु सुतार रंध्याच्या पात्यावरून वाद घालतो तो आपल्या कामाची चाड असते म्हणून. आज्ञावली लिहिणारा हाही अखेर कारागीरच आहे. मजुरीवर राबणारा, आणि कित्येकदा कामाच्या तासांची मोजदाद नसलेला.

खरा प्रश्न या हत्याराच्या मालकीचा आहे, आणि तो त्या वर्तुळातही वेळोवेळी उभा राहिलेला आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाचा छंद असणाऱ्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. पैसे न देता सॉफ्टवेअरच्या प्रती काढणे ही चोरी आहे, असा त्याचा मथितार्थ होता. जी गोष्ट तोवर हौशी मंडळी वाण्याकडच्या विरजणासारखी एकमेकांना देत होती, तिच्याभोवती मालमत्तेचे कुंपण घातले जात असल्याची ती द्वाही होती. उलट सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरण्याचे, त्याचा अभ्यास करण्याचे, ते वाटण्याचे आणि सुधारण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असले पाहिजे, हा विचार या प्रकल्पातून पुढे आला. १९९८ मध्ये यातील ‘मुक्त’ हा शब्द उद्योगपतींच्या कानाला खटकतो म्हणून ‘ओपन सोर्स’ असा सौम्य पर्याय रूढ करण्यात आला. मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१८ मध्ये त्याच कंपनीने, जगभरचे प्रोग्रॅमर आपली खुली आज्ञावली जेथे ठेवतात ते ‘गिटहब’ सुमारे ७५० कोटी डॉलरला विकत घेतले. मक्तेदार भांडवल ज्याला हरवू शकत नाही ते विकत घेते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

भारतात या प्रवाहाला काही ठिकाणी शासनाचा आधार मिळाला. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि ते टिकवून दाखवले. २०१५ मध्ये केंद्र सरकारनेही ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तथापि आज्ञावली वाचण्याचे स्वातंत्र्य ज्याला आज्ञावली वाचता येते त्याच्याच उपयोगी पडते, ही या चळवळीची मर्यादा तिच्या पुरस्कर्त्यांनी पुरेशी ओळखलेली दिसत नाही. राजसमंदच्या दगडखाणीतील मजुराला ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ यांतील कोणते सरस, याच्याशी काय कर्तव्य? त्याला कर्तव्य आहे ते आपले नाव यादीत आहे की नाही, याच्याशी.

योगायोग असा, की ज्या सप्टेंबर १९८३ मध्ये ‘जीएनयू’ची घोषणा झाली, त्याच महिन्यात भारतात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना व बँकांची व्यवस्थापने यांच्यात यांत्रिकीकरण व संगणकीकरणासंबंधीचा करार झाला. कोणती यंत्रे आणावयाची, कोठे आणावयाची, कर्मचाऱ्यांवर त्याचे काय परिणाम होतील, यावर समोरासमोर बसून बोलणी झाली. त्या काळी कामगार चळवळीची ‘संगणकाचे शत्रू’ म्हणून पुष्कळ थट्टा झाली, आणि तिच्या भूमिकेतील काही गोष्टींचा चळवळीला पुढे फेरविचार करावा लागला हेही नाकारता येणार नाही. परंतु यंत्र येण्यापूर्वी त्यावर बोलणी झाली पाहिजेत, हे तत्त्व मात्र तेव्हा मालकपक्षालाही मानावे लागले होते. आज परिस्थिती काय आहे? रात्री फोनवर ॲपची नवी आवृत्ती उतरते आणि सकाळी कामाचे नियम बदललेले असतात. बोलणी कोणाशी करावयाची, हेच कामगाराला ठाऊक नसते.

जयपूरच्या संवादाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर जोखले पाहिजे. हा संवाद सरकारच्या उदारपणातून निघालेला नाही. मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना १ मे १९९० ची. दुष्काळी कामांवर किमान वेतन का मिळत नाही, असे विचारले की अधिकारी मस्टरकडे बोट दाखवीत; आणि मस्टर पाहू द्या म्हटले की ते गुप्त असल्याचे सांगत. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे जनसुनावणी भरली आणि सरकारी नोंदी लोकांसमक्ष वाचल्या जाऊ लागल्या. अशा सुनावण्यांत मेलेल्या माणसांनी मजुरी घेतल्याचे आणि न बांधलेल्या इमारतींची बिले निघाल्याचे उघडकीस येत गेले. १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवसांचे आणि १९९७ मध्ये जयपूर येथे ५३ दिवसांचे धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तेथील अल्पशिक्षित स्त्रीपुरुषांची. त्यातून २००० साली राजस्थानचा आणि २००५ साली देशाचा माहिती अधिकार कायदा आला.

मस्टर कागदावर होते तोवर त्याची झेरॉक्स मागता येत होती. ते संगणकात गेले, तेव्हा लढाईचे क्षेत्रच बदलले. २०१६ मध्ये राजस्थानात हयात असलेल्या वृद्धांची नावे मृत म्हणून निवृत्तिवेतनाच्या यादीतून गळाल्याची प्रकरणे उघडकीस आली. रेशन दुकानावरील यंत्राने, जन्मभर दगड फोडून झिजलेल्या बोटांचे ठसे ओळखण्यास नकार दिला. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर छायाचित्रासह दोन वेळची हजेरी सक्तीची झाली. माळरानावर संपर्कयंत्रणेचा पत्ता नाही, फोटो चढला नाही, की घाम गाळलेला दिवस खाड्यात जमा. यामुळे भ्रष्टाचार थांबेल असे सांगण्यात आले होते. तो थांबला काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून मान्य करावे लागले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच छायाचित्रे ॲपवर चढवली जात आहेत. ठेकेदाराला पळवाट सापडली. मजुराला ती सापडली नाही.

मराठी वाचकाला हे राजस्थानपुरते वाटण्याचे कारण नाही. २०१७ च्या कर्जमाफीचे काय झाले, ते महाराष्ट्रातील शेतकरी विसरलेला नाही. आधार क्रमांकासह लांबलचक अर्ज, सेवा केंद्रांपुढील रांगा, मध्येच बंद पडणारी यंत्रणा, आणि एवढे करून ऑक्टोबरमध्ये निघालेल्या याद्यांत चुकाच चुका. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुख अधिकाऱ्याला रजेवर पाठवून सरकार मोकळे झाले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत वनजमिनीच्या प्रश्नाबरोबर कर्जमाफीच्या अंमलबजावणीचाही प्रश्न होता. सॉफ्टवेअरविरुद्धची तक्रार शेतकऱ्यांना रक्ताळलेल्या पायांनी मंत्रालयापर्यंत नेऊन पोहोचवावी लागली, असा याचा अर्थ. जयपूरच्या पोर्टलवर पुढे पीककर्ज माफीच्या याद्याही खुल्या झाल्या आणि कोणाचे किती कर्ज माफ झाले हे गावकऱ्यांना आपल्या गावापुरते पाहता येऊ लागले. महाराष्ट्रात २०१७ साली अशी यादी आरंभापासून गावागावांत खुली असती, तर त्यातील किती चुका पहिल्याच आठवड्यात चावडीवरच सापडल्या असत्या!

राजस्थानच्या विधानसभेने २४ जुलै २०२३ रोजी संमत केलेला प्लॅटफॉर्मवरील गिग कामगारांचा कायदा हे याच धाग्याचे पुढचे टोक होय. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. ॲपवर काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराची नोंद, त्याला स्वतंत्र क्रमांक, कल्याण मंडळ, प्रत्येक व्यवहारावर १ ते २ टक्के कल्याण शुल्क, आणि हे सर्व व्यवहार ज्यावर दिसतील अशी सरकारी संगणक व्यवस्था, अशा तरतुदी त्यात आहेत. कंपन्या आजवर म्हणत आल्या, की आपल्याकडे कामगार नाहीतच, केवळ ‘भागीदार’ आहेत. भागीदाराला नफ्याचा हिशेब दाखवावयाचा नसतो, अशी ही जगावेगळी भागीदारी! कायद्याने निदान व्यवहाराच्या नोंदीला हात घातला. परंतु कोणाला जवळचे काम मिळावे आणि कोणाला लांबचे, कोणाचा दर का घटला, एखाद्याचा आयडी का बंद झाला, हे ज्या आज्ञावलीत ठरते, ती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. स्वयंचलित निर्णयांमागची कारणे कामगारांना कळवण्याचे बंधन कर्नाटकने २०२५ च्या आपल्या कायद्यात घातले. राजस्थानात मात्र डिसेंबर २०२३ मध्ये सत्तांतर झाले आणि कायदा बराच काळ नियमांवाचून पडून राहिला.

जयपूरच्या संवादाचे अवास्तव कौतुक करण्याचेही कारण नाही. पोर्टल माहिती दाखवते. निर्णय करणारी आज्ञावली दाखवत नाही. वृद्धेचे नाव का गळाले याचे उत्तर पडद्यावरील ‘अपात्र’ या एका शब्दात संपत असेल, तर तो हिशेब नव्हे. शिवाय त्याच राज्यात २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले. पोर्टलही बंद, आणि ॲपवर पोट असणाऱ्यांची मजुरीही बंद. जनतेच्या पैशाने तयार होणारी प्रत्येक आज्ञावली जनतेसाठी खुली असली पाहिजे, ती लागू करण्याआधी ज्यांच्यावर ती लागू होणार त्यांच्याशी बोलणी झाली पाहिजेत, आणि यंत्राने नाकारलेल्या माणसाला माणसाकडे दाद मागता आली पाहिजे, या मागण्या म्हणूनच अपुऱ्या राहिलेल्या कामाच्या आहेत.

हे काम सॉफ्टवेअर जाणणाऱ्यांना वगळून होणारे नाही. जयपुरात २०१८ साली राज्य सरकारने भरवलेल्या डिजिफेस्टसारख्या मेळ्यांत आणि हॅकेथॉनच्या स्पर्धांत शेकडो तरुण रात्रंदिवस बसून आज्ञावली लिहितात. त्यांची हौस खोटी नाही, बुद्धीही कमी नाही. त्यांच्या वादांत मस्टरचा रकाना आला पाहिजे, आणि तो आणण्याची जबाबदारी शेतमजूर व असंघटित कामगारांत काम करणाऱ्या संघटनांची आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी जगभर काम सोडून निदर्शने केली आणि त्याच वर्षी लष्करी ड्रोनसाठीच्या प्रकल्पाविरुद्ध उठवलेल्या आवाजामुळे कंपनीला तो करार पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर करावे लागले. आज्ञावली लिहिणारे हात थांबू शकतात, हे त्यांना स्वतःला कळले आहे.

तातडी आहे ती आणखी एका कारणाने. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील व्यक्तिगत माहितीसंबंधीचे कलम बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. सार्वजनिक हितासाठी अशी माहिती देण्याची जी सवलत त्या कलमातच होती, ती काढून टाकण्यात आली आहे. कायद्यात अन्यत्र सार्वजनिक हिताचे कलम शिल्लक आहे असे सरकार सांगते. पण माहिती नाकारू इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती आयते हत्यार आले आहे, ही गोष्ट त्याने लपत नाही. गरिबाच्या खाजगीपणाची ही काळजी, त्याच्या अंगठ्याचा ठसा घेताना कोणालाच आठवली नव्हती. कोणत्या रेशन कार्डावर किती गहू उचलला गेला, हे जयपूरच्या पोर्टलवर गावकऱ्यांना यापुढे वाचता येईल की नाही, हे एखाद्या कार्यालयातील अन्वयार्थावर सोडून चालणार नाही. ‘डिजिटल संवादा’ची पुढली बैठक याच एका विषयावर भरवावी, आणि तीत रकाने लिहिणाऱ्या अभियंत्यांबरोबर रेशनच्या रांगेतील स्त्रियांनाही बसवावे, अशी मागणी राजस्थानातील जनसंघटनांनी आताच केली पाहिजे.