वर्ग आणि मैदान यांची दुहेरी

१९९५ साली अमेरिकेतील विद्यापीठांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिसिसिपी विद्यापीठाच्या जोडीने पटकावले. त्या जोडीत अली हमादेच्या साथीला होता मद्रासेत जन्मलेला, जेमतेम विशीतला महेश भूपती. त्याच वर्षी त्याने व्यावसायिक टेनिसमध्ये पाऊल टाकले. दोन वर्षांनी, १९९७ च्या जूनमध्ये, जपानच्या रिका हिराकीसह त्याने फ्रेंच स्पर्धेत मिश्र दुहेरी जिंकली आणि वरिष्ठ गटात ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. १९९९ मध्ये लिअँडर पेससमवेत त्याने चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी गाठली, त्यांपैकी फ्रेंच आणि विम्बल्डन या दोन जिंकल्या. त्याच वर्षी दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत तो पहिल्या स्थानावर पोहोचला. महाविद्यालयाच्या कोर्टापासून जगाच्या अग्रस्थानापर्यंतचे हे अंतर त्याने अवघ्या चार वर्षांत कापले.

अशा यशाकडे चमत्कार म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. खेळाडूच्या गळ्यात हार घालावा, सत्कार करावा, चार दिवस वृत्तपत्रांचे रकाने भरावेत आणि मग विसरून जावे. पण चमत्काराची पुनरावृत्ती करता येत नाही. पद्धतीची करता येते. म्हणूनच भूपती ज्या पद्धतीतून वर आला, तिचा विचार करणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

अमेरिकेतील विद्यापीठे गुणी खेळाडूला शिष्यवृत्ती देतात, प्रशिक्षक आणि कोर्ट देतात. मात्र त्याबरोबर दोन बंधनेही घालतात. अभ्यासात ठरावीक प्रगती न दाखवणाऱ्यास संघातून खेळता येत नाही, ही पहिली अट. दुसरी अशी की, हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला वीस तासांहून अधिक घेता येत नाही. म्हणजे खेळाने वर्गाचा वेळ खाऊ नये आणि वर्गाने खेळाचा गळा घोटू नये, असा दुहेरी बंदोबस्त तेथे नियमानेच केलेला आहे. भारताच्याच सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठात समाजशास्त्राची पदवी घेतली आणि तेथे असतानाच २००७ व २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवले. पदवी आणि पदक यांचे वैर नसते, याला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

या पद्धतीत दुहेरीला विशेष मान आहे. दोन विद्यापीठांच्या सामन्यात एकेरीच्या सहा लढती होतात आणि दुहेरीच्या तीन. दुहेरीच्या तीनपैकी दोन जिंकणाऱ्या संघास एक गुण मिळतो आणि चुरशीच्या सामन्यात तोच एक गुण निर्णायक ठरतो. जाळ्याजवळ उभे राहून जोडीदाराच्या सर्व्हिसचा अर्थ ओळखणे, त्याच्या चुकीवर कपाळाला आठी न घालता पुढच्या फटक्याची तयारी करणे, ही विद्या तेथे संघासाठी आवश्यक म्हणून शिकवली जाते. तिचा परिणाम पाहावा. भूपती आणि हिराकी यांनी १९९७ च्या अंतिम सामन्यात हरवलेली लिसा रेमंड आणि पॅट्रिक गॅलब्रेथ ही जोडी अमेरिकन विद्यापीठांतूनच घडलेली होती. १९९९ मध्ये पेस-भूपती यांच्यासमोर फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत जेफ तारांगो होता, विम्बल्डनला जेरेड पामर आणि अमेरिकन स्पर्धेत अॅलेक्स ओब्रायन. हे तिघेही एकट्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे. सोळा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवणारे ब्रायन बंधूही तेथलेच. इतक्या योगायोगांना योगायोग म्हणत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, स्वतः लिअँडर पेस कोठे अशा विद्यापीठात शिकला? आक्षेप रास्त आहे. तो मद्रासच्या अमृतराज अकादमीत घडला आणि १९९० मध्ये विम्बल्डनचा कुमार विजेता झाला. परंतु पंधराव्या-सोळाव्या वर्षीच ज्याचे तेज झळकते, त्याला अकादमी शोधून काढते. ज्याचे गुण विसाव्या वर्षी उमलतात, त्याने कोठे जावे? आणि पेसच्याच घरातला दाखला घ्यावयाचा तर त्याचे वडील, गोव्यात जन्मलेले आणि २०२५ मध्ये निवर्तलेले डॉ. वेस पेस, यांनी वैद्यकाचे शिक्षण पुरे केले आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघातून कांस्यपदकही मिळवले. ग्रंथ आणि मैदान एका आयुष्यात नांदू शकतात, हे या मातीला परके नाही.

आपल्याकडे अशी शिडी कधीच नव्हती, असेही नाही. १९३५ साली सुरू झालेल्या रोहिंटन बारिया करंडकाने विद्यापीठ क्रिकेटला प्रतिष्ठा दिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकणारा सुनील गावसकर विद्यापीठाच्या संघातून पुढे येऊन १९७१ मध्ये कसोटी खेळाडू झाला. ती शिडी इतर खेळांत आपण उभारलीच नाही, आणि क्रिकेटमध्येही तिच्या पायऱ्या झिजू दिल्या.

आज आपल्या घरांत काय घडते? मुलगा किंवा मुलगी दहावीपर्यंत खेळते. शालान्त परीक्षेत क्रीडागुण मिळतात, त्यांच्या आधारे टक्केवारी सावरते आणि पाल्याच्या हातातली रॅकेट भिंतीवरच्या खुंटीला जाते. खेळ हे प्रवेशाचे तिकीट ठरते. प्रवास मात्र तेथेच संपतो. महाविद्यालयात पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम आडवा येतो, स्पर्धा आणि परीक्षा एकाच आठवड्यात येतात, आणि आईबापांस अखेर एकाची निवड करावी लागते. त्यांनी अभ्यास निवडला तर त्यांना दोष कसा द्यावा? दोष निवडीचा प्रसंग आणणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

गोव्याने २०२३ मध्ये सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या. त्यानिमित्ताने मैदानांवर आणि सभागृहांवर जनतेचा पैसा खर्च झाला. त्या वास्तूंवर पहिला हक्क विद्यार्थ्यांचा असावा, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळणाऱ्यास उपस्थितीत सूट आणि फेरपरीक्षेची हमी विद्यापीठाने द्यावी. परंतु उत्तीर्ण होण्याच्या अटीत कसलीही सवलत देऊ नये. दोनचार दिवसांत उरकल्या जाणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेऐवजी संपूर्ण सत्रभर चालणारे साप्ताहिक सामने ठेवावेत. शेजारच्या दोनतीन महाविद्यालयांनी मिळून एक प्रशिक्षक नेमावा. टेनिस हा श्रीमंतांचा खेळ, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, दुहेरीत एका कोर्टावर चौघे खेळतात.

दुहेरीचा आणखी एक धडा आहे, आणि तो कटू आहे. पेस आणि भूपती यांची जोडी पराभवांपेक्षा आपसांतील दुराव्याने अधिक खिळखिळी झाली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक त्यांच्या हातून तिसऱ्या सेटमध्ये १६-१४ असे निसटले, आणि २०१२ च्या ऑलिंपिकपूर्वी तर त्यांचा वाद चव्हाट्यावर आला. तरीही डेव्हिस चषकात देशासाठी एकत्र उतरल्यावर त्यांनी सलग चोवीस सामने जिंकले. मने जुळलेली नसतानाही कर्तव्य जुळवता येते, हे त्यांनी दाखवले.

आपले शिक्षण खाते आणि क्रीडा खाते ही तशीच एक जोडी आहे. दोघांची तोंडे दोन दिशांना आहेत, आणि दोघांच्या मधून चेंडू निसटतो आहे. तो चेंडू म्हणजे आपल्या मुलांची उमेदीची चार वर्षे होत. एवढे ओळखून तरी या दोघांनी एका कोर्टावर उतरावे.