टाळी कोणाची मोजायची?

न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक नाट्यगृहात ५ जानेवारी १९७५ रोजी एका संगीत नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग झाला आणि त्याच रात्री नाटक बंद करण्याची नोटीस रंगमंचामागे लागली. पडदा उघडल्याच्या रात्रीच पडदा पाडण्याची तयारी! नोटीस लावणारे काही वेडे नव्हते. तिकीट खिडकीवर शुकशुकाट होता, सोळाशेच्या वर खुर्च्यांचे नाट्यगृह रोज भरायचे होते आणि गावोगावच्या प्रयोगांत पैसा बराच खर्ची पडला होता. समीक्षकांचे काय मत पडणार याचाही अंदाज आलेला होता. असे नाटक आठवड्याभरात गुंडाळले जाते, ही ब्रॉडवेची रीत. हे नाटक मात्र चार वर्षे चालले. त्याचे १,६७२ प्रयोग झाले आणि शेवटचा प्रयोग २८ जानेवारी १९७९ रोजी झाला. मधल्या काळात काय घडले, हे आमच्या वाचकांनी, त्यातही जे नाटक-जलसा-गाण्यांच्या क्षेत्रात धडपडतात त्यांनी, नीट समजून घ्यावे असे आहे.

नाटकाचे नाव 'द विझ'. मूळ गोष्ट अमेरिकेतल्या पोरासोरांना तोंडपाठ असलेली. एल. फ्रँक बॉम याने १९०० साली लिहिलेल्या पुस्तकातली डोरोथी नावाची मुलगी वावटळीत सापडून ओझ नावाच्या अद्भुत देशात जाऊन पडते. घरी परतायचे तर तिथल्या महान जादूगाराला भेटावे लागेल, असे तिला सांगितले जाते. वाटेत तिला मेंदू हवा असलेले बुजगावणे, काळीज हवे असलेला पत्र्याचा माणूस आणि हिंमत हवी असलेला सिंह भेटतो. १९३९ साली हॉलिवुडने यावर चित्रपट काढला, त्यात ज्युडी गार्लंड डोरोथी झाली, आणि तेव्हापासून ही गोष्ट म्हणजे गोऱ्या अमेरिकेचे जणू बालपणच होऊन बसले. त्या चित्रपटात काळे मूल शोधून सापडायचे नाही.

केन हार्पर या कृष्णवर्णीय निर्मात्याने हीच गोष्ट उचलली आणि सगळीच्या सगळी पात्रे काळ्या कलावंतांना दिली. संगीत चार्ली स्मॉल्सचे, नृत्ये जॉर्ज फेसनची. डोरोथी झाली सतरा वर्षांची स्टेफनी मिल्स. लोकांच्या चर्चमधले, रस्त्यावरचे, घरातल्या रेडिओवरचे संगीत त्याने ओझच्या देशात नेऊन बसवले. आईबापांनी पोरांना हाताला धरून न्यावे आणि तिघांनीही सारखेच रमावे, असे हे नाटक होते.

न्यूयॉर्कला येण्याआधी ते गावोगाव फिरले. ऑक्टोबर १९७४ मध्ये बाल्टिमोर, मग डेट्रॉइट, मग फिलाडेल्फिया. या फिरतीतच दिग्दर्शक बदलावा लागला आणि वेषभूषाकार जेफ्री होल्डर याच्या हाती सूत्रे आली. बाल्टिमोरचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. याच शहरात फोर्ड्स नावाचे एक जुने नाट्यगृह होते. तिथे काळ्या प्रेक्षकाला तिकीट मिळे ते वरच्या गॅलरीचे. खालच्या खुर्च्या गोऱ्यांच्या. त्याविरुद्ध काळ्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे दारात फलक घेऊन निदर्शने केली, तेव्हा कुठे १९५२ साली ती प्रथा मोडली. तिथून जवळच असलेल्या वॉशिंग्टनमध्ये तर नॅशनल थिएटरच्या चालकांनी कमाल केली. काळ्यांना आत घ्या, नाहीतर आम्ही काम करणार नाही, असे नटांच्या संघटनेने बजावले तेव्हा १९४८ साली चालकांनी नाटकेच बंद केली आणि सिनेमे लावले! काळा माणूस शेजारी बसण्यापेक्षा नाटक नको, अशी ही बुद्धी. आमच्याकडे विहीर बाटते म्हणून विहीरच बुजवणारे लोक होऊन गेले, त्यांचे हे सख्खे भाऊ. अशा बाल्टिमोरमध्ये बावीस वर्षांनी काळ्या आया आपल्या लेकरांना नटवून-सजवून खालच्या खुर्च्यांवर घेऊन बसल्या आणि समोर त्यांच्याच रंगाची पोर त्या देशाची सर्वात लाडकी गोष्ट जगत होती. त्या प्रयोगातल्या टाळ्यांचा आवाज समजायचा तर फोर्ड्सची ती गॅलरी आठवावी लागते.

न्यूयॉर्कच्या प्रमुख वृत्तपत्रांच्या समीक्षकांना ती आठवण्याचे कारण नव्हते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा क्लाइव्ह बार्न्स हा त्या काळचा मोठा दबदबा असलेला समीक्षक. त्याने नाटकातल्या ऊर्मीचे, वेषभूषेचे कौतुक केले, पण एकंदरीत आपण काही हललो नाही, असा अभिप्राय दिला. इतरही काहींनी नाके मुरडली. आम्ही बार्न्सला वंशद्वेष्टा म्हणणार नाही. एखादे नाटक एखाद्याला भिडत नाही, यात गुन्हा नाही. प्रश्न वेगळाच आहे. त्या खुर्चीवर बसलेल्या चार-सहा माणसांच्या न हलण्यावर नाटकाचे मरण ठरत होते, आणि त्यांच्या मागच्या रांगेत हललेल्या शेकडो माणसांना मोजण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती. मत म्हणजे छापून आलेले मत. टाळी, हुंकार, डोळे पुसणारी आजी, खुर्चीवर उभे राहिलेले पोर, हे मत नव्हे. तो झाला गोंगाट.

मग नाटक वाचले कसे? आधी पैशाची बाजू. त्यात ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स या चित्रपट कंपनीने भांडवल घातले होते. नाटक लगेच बंद न करता आणखी थोडी रक्कम ओतून दूरचित्रवाणीवर जाहिरात करायचे ठरले. नाटकाची अशी जाहिरात करणे तेव्हा नवीनच होते. पिवळ्या विटांच्या वाटेवर झुलत निघालेली ती चौकडी घराघरात दिसू लागली. पण जाहिरातीने फार तर माणूस दारापर्यंत येतो. दाराआत त्याला नेले ते काळ्यांच्या चर्चमंडळांनी. रविवारच्या प्रार्थनेनंतर घोषणा होत, नावे घेतली जात, एकगठ्ठा तिकिटे काढली जात आणि बसगाड्या भरून माणसे ब्रॉडवेवर उतरत. त्यांतल्या कित्येकांनी ब्रॉडवेच्या नाट्यगृहाची पायरी आयुष्यात पहिल्यांदाच चढलेली. काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी आणि रेडिओ केंद्रांनी साथ दिली. हार्पर स्वतः रेडिओवाला; आपला माणूस कुठे ऐकतो हे त्याला माहीत होते. काही आठवड्यांत खिडकीवर रांगा लागल्या. गोरे प्रेक्षकही आले, पण मागाहून आले.

त्या वर्षीचे सात टोनी पुरस्कार या नाटकाने घेतले. सर्वोत्कृष्ट संगीतिका हाच ठरला. संगीतिकेच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवणारा होल्डर हा पहिला कृष्णवर्णीय पुरुष, आणि नृत्यदिग्दर्शनासाठी फेसन हा पहिला कृष्णवर्णीय. जानेवारीत ज्याचे मर्तिक लिहून झाले होते त्याला त्याच वर्षी माळ घालण्यात आली. (माळ घालणाऱ्यांत जानेवारीचे लेखणीवाले किती होते, याची आम्हाला मोठी उत्सुकता आहे.)

एवढे सांगून थांबलो तर गोष्ट फारच गोड होईल. भांडवल फॉक्सचे होते हे विसरता येत नाही. बसगाड्या भरून आलेल्या माणसांनी नाटक वाचवले, पण गल्ल्याचा मोठा वाटा त्यांच्या वस्तीत परत गेला नाही. चळवळीतल्या कार्यकर्त्यांना हा अनुभव नवा नाही. १४ एप्रिलला लाखोंच्या कॅसेटी आणि पुढे सीडी विकल्या गेल्या. गाणारा भाड्याच्या खोलीतच राहिला आणि कंपनीवाल्याने माडी बांधली, अशी उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

आता प्रेक्षक इतके का हलले, ते पाहू. नाटकात एक दुष्ट चेटकीण आहे, विंकी नावाच्या लोकांना ती राबवून घेते. ती मरते आणि विंकी नाचू लागतात. गोऱ्या घरातल्या पोराला यात राक्षसिणीचे मरण दिसते. ज्या घरातल्या पणजोबाचा लिलाव झाला होता त्या घरातल्या पोराला तेच गाणे वेगळे ऐकू येते, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या आजीला त्याहून वेगळे. ते गाणे ल्यूथर व्हँड्रॉस या तरुणाने लिहिलेले. पुढे तो मोठा गायक झाला. नाटक तेच, नट तेच, पण दोन प्रेक्षक दोन नाटके पाहतात.

दुसरी जागा जादूगाराची. सगळे ज्याच्या पायाशी निघाले आहेत तो महान जादूगार शेवटी भोंदू निघतो. आमच्या वाचकांना हे पात्र परके वाटू नये! बुवा उघडा पडतो तेव्हा पोरे खदखदून हसतात, आणि तुम्ही जे मागायला आलात ते तुमच्यातच होते, असे त्या चौघांना कळते. इथे मात्र आमचे या गोष्टीशी थोडे भांडण आहे. बुजगावण्याला मेंदू होताच, सिंहात हिंमत होतीच, हे खरे. पण माणसाला त्याच्यातली ताकद सांगून भागत नाही. बाबासाहेबांनी शिका असे सांगितले तेव्हा सोबत महाविद्यालयेही काढली आणि घटनेत कलमेही घातली. फोर्ड्सच्या गॅलरीत बसलेल्याला 'खालची खुर्ची तुझ्या अंतरंगातच आहे' असे सांगून काय उपयोग झाला असता? तिथे निदर्शनेच करावी लागली. मुलांच्या नाटकाकडून एवढी अपेक्षा करू नये, असे कोणी म्हणेल. म्हणोत. मुले जे पाहतात तेच पुढे मानतात.

हुंकाराची गोष्ट अजून संपलेली नाही. काळ्यांच्या चर्चमध्ये उपदेशक एक वाक्य म्हणतो आणि समोरून होकार येतो. ऐकणारा गप्प बसला तर बोलणाऱ्याला वाटते आपले काहीतरी चुकले. हीच माणसे नाट्यगृहात येतात तेव्हाही तशीच ऐकतात. गोऱ्या मध्यमवर्गाची रीत अंधारात श्वास रोखून बसण्याची. डोमिनिक मॉरिसो ही आजची नामवंत कृष्णवर्णीय नाटककार. प्रयोग पाहताना आपण मोकळेपणी दाद दिली म्हणून एका वयस्क गोऱ्या बाईने आपल्याला कसे टोकले, हे तिने २०१५ साली 'अमेरिकन थिएटर' मासिकात लिहिले. पुढे तिने आपल्या नाटकांच्या प्रेक्षकांच्या हाती एक सूचनापत्र द्यायला सुरुवात केली. मोठ्याने हसा, दाद द्या, हुंकार भरा, मात्र नटांच्या कामात अडथळा आणू नका, असा त्याचा आशय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'द विझ' अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर थेट सादर झाले, तेव्हा काही गोऱ्या प्रेक्षकांनी ओरड केली की सगळी पात्रे काळी ठेवणे हा वंशभेद आहे! याच वाहिनीने आधीच्या दोन वर्षांत 'द साउंड ऑफ म्युझिक' आणि 'पीटर पॅन' दाखवले होते. त्यांतल्या पात्रांचा रंग तेव्हा या मंडळींना मोजावासा वाटला नव्हता.

हे सगळे न्यूयॉर्कचे. पण त्याच न्यूयॉर्कात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, आणि त्यांचे कोलंबिया विद्यापीठ काळ्यांच्या हार्लेमला खेटून आहे. 'द विझ'च्या तीनच वर्षे आधी मुंबईत दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. आपल्याकडे फिरत्या संगीत नाटकाचे काम त्याच्या कितीतरी आधी आंबेडकरी जलशांनी केले. भीमराव कर्डकांचा जलसा गावात आला की म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळी वस्ती बैठकीला असायची. तिथे समीक्षकाची खुर्ची नव्हती. पोर रडले तर रडले. आई त्याला पदराखाली घेऊन ऐकत राही, आणि शाहीर समोरची माणसे पाहून कवन लांबवी किंवा आवरते घेई. जलशाचा दर्जा ठरत होता तो तिथे. वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही म्हणून एकही जलसा बंद पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

२०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगमंचावर आले. राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन आणि संभाजी भगत यांचे संगीत. त्याच्या प्रयोगांत आम्ही पाहिले आहे की अर्धे नाट्यगृह शिट्ट्या आणि टाळ्यांनी दणाणत होते आणि पुढच्या रांगेतले काही कपाळाला आठ्या घालून मागे वळून पाहत होते. दुःखाची बाब ही की, त्या वळणाऱ्या मानांमध्ये आपल्याही काही माना होत्या. नोकरी लागली, फ्लॅट झाला, नाट्यगृहात कसे बसावे हेही शिकलो. आणि शिकता शिकता गावाकडून आलेल्या आपल्याच आत्याला 'हळू बोल' म्हणून डोळे वटारायलाही शिकलो. तिकिटाला पैसे आहेत, पण कोणते नाटक पाहायचे हे अजून आम्ही दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रातल्या स्तंभावरून ठरवतो. वस्तीतून शंभर तिकिटे काढून एक बस भरणे आजही अवघड नाही. विहारांच्या सहली निघतातच.

सप्टेंबर २०२३ मध्ये 'द विझ' नव्याने दौऱ्यावर निघाले. नारळ फुटला तो पुन्हा बाल्टिमोरलाच. गावोगाव फिरून ते २०२४ च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेवर आले. समीक्षकांचे मत पुन्हा दुभंगले आणि टोनीच्या सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवित संगीतिकेच्या नामांकनांत त्याचे नाव नव्हते. १९७५ साली जी पोरे आईचा हात धरून आली होती ती आता आजी-आजोबा होण्याच्या वयाची. त्यांची नातवंडे ऑगस्टपर्यंत त्याच वाटेवरून गेली.

आमच्याकडच्या नाट्यगृहांत तिसरी घंटा झाली की ध्वनिक्षेपकावरून सांगतात: भ्रमणध्वनी बंद ठेवा, लहान मूल रडल्यास त्याला बाहेर न्या. भ्रमणध्वनीचे आम्हाला मान्य आहे.