कट्ट्यावरचा ‘ग्लॉक’

खान्देशात ‘कट्टा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक तुमचा-आमचा, म्हणजे लेक्चर संपल्यावर जिथं चहा आणि दुनियाभरच्या गप्पा होतात तो. दुसरा पेपरच्या आतल्या पानावर दर काही दिवसांनी भेटतो : ‘गावठी कट्ट्यासह तरुण ताब्यात, दोन जिवंत काडतुसे जप्त’. बातमीतल्या त्या तरुणाचं वय वाचलंत का कधी? बऱ्याचदा ते आपल्याच आसपासचं असतं.

जळगावचा काव्यरत्नावली चौक घ्या, नाहीतर धुळ्याचं देवपूर. पहिल्या कट्ट्यावर आता बाइक आणि मोबाइलच्या जोडीला आणखी एक तुलना रंगते. ‘ग्लॉक भारी की सिग?’ ‘स्मिथ अँड वेसनचं काय रे भो?’ यातलं एकही पिस्तूल कुणी हातात घेतलेलं नसतं. माहिती आलेली असते रीलमधून, पंजाबी गाण्यांतून, बीजीएमआयमधून. त्या गेममधलं ‘पी१८सी’ हे ग्लॉकच्याच एका मॉडेलवर बेतलेलं आहे.

गप्पा मारायला कुणाची ना नाही. यंत्र म्हणून विषय मजेशीर आहेच, त्यात मेकॅनिकलवाले असतील तर विचारूच नका. मग ही तुलना एकदा नीटच करून टाकू. कारण ती नीट केली की आपल्याकडे ‘ग्लॉक’ म्हणून जे दाखवलं जातं ते नेमकं काय आहे, हेही कळतं.

तुलना करायचीच तर

जुन्या पद्धतीच्या पिस्तुलात मागच्या बाजूला हॅमर असतो, ज्याला आपण घोडा म्हणतो. ट्रिगर ओढला की घोडा पिनवर आदळतो आणि काडतूस फुटतं. ‘स्ट्रायकर फायर्ड’ पिस्तुलात हा घोडा नसतोच. आत स्प्रिंगच्या ताणावर एक पिन बसवलेली असते, ट्रिगर ओढला की तीच पुढं सुटते. नळी आणि वरचा सरकणारा भाग पोलादाचा, पण खालची बॉडी पॉलिमरची, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकची. त्यामुळं वजन कमी, गंज नाही आणि सुटे भागही कमी.

हे रूप जगभर नेलं ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक यांनी. गंमत म्हणजे त्यांच्या कंपनीनं तोवर पिस्तूल कधी बनवलंच नव्हतं. पडद्यांचे रॉड आणि सुऱ्या बनवणारी ती कंपनी. ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवं पिस्तूल हवं होतं आणि १९८२ मध्ये त्यांनी ‘ग्लॉक १७’ निवडलं. रिकामं असताना वजन साधारण ६२५ ग्रॅम, मॅगझिनमध्ये १७ काडतुसं. पुढं जगभरच्या पोलिसांनी ते घेतलं, आपल्या एनएसजीकडेही ते आहे. मग स्पर्धक आले. स्मिथ अँड वेसनचं ‘एम अँड पी’ २००५ मध्ये, सिगचं ‘पी३२०’ २०१४ मध्ये.

फरक कुठं आहे? ग्लॉकमध्ये पिन आधी अर्धवटच ताणलेली असते, उरलेला ताण ट्रिगर ओढताना मिळतो. शिवाय आत तीन सेफ्टी आहेत : एक ट्रिगरवर, एक पिनला अडवणारी आणि एक पिस्तूल खाली पडलं तर गोळी सुटू न देणारी. ‘पी३२०’मध्ये पिन जवळपास पूर्ण ताणलेली असते, त्यामुळं ट्रिगर हलका लागतो. शिवाय एकाच यंत्रणेवर वेगवेगळ्या मापाच्या बॉडी चढवता येतात.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्करानं ग्लॉकला बाजूला ठेवून ‘पी३२०’ निवडलं. ग्लॉकनं तक्रार केली, ती फेटाळली गेली. झालं, सिग जिंकली! पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समोर आलं, की बाजारात विकलेलं ‘पी३२०’ एका विशिष्ट कोनात खाली पडलं तर ट्रिगरला हात न लावताही गोळी सुटू शकते. कंपनीला रचना बदलावी लागली आणि आधी विकलेली पिस्तुलं मोफत दुरुस्त करून देण्याची योजना काढावी लागली. त्यानंतरही ‘आपोआप गोळी सुटली’ असे दावे अमेरिकेतल्या कोर्टांत जात राहिले. कंपनी ते नाकारते, वाद चालूच आहे.

या भांडणात एक गोष्ट लक्षात घ्या. एवढी मोठी कंपनी, लष्कराचं कंत्राट, तरी दोष सापडला. तो सापडला, कारण कुणीतरी चाचणी घेतली. दुरुस्त झाला, कारण प्रत्येक पिस्तुलावर नंबर आहे, कंपनीला पत्ता आहे आणि कोर्टात खेचता येईल असा मालक आहे. ब्रँड म्हणतात तो याला. चकचकीत लोगो ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट.

आपल्याकडे काय मिळतं?

आता खान्देशात या. ही तिन्ही पिस्तुलं मुख्यतः ९ एमएमची. आपल्या शस्त्र कायद्यात हे ‘प्रतिबंधित बोअर’ आहे, सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. त्यात परदेशी पिस्तुलं आयात करून नागरिकांना विकण्याचा रस्ता १९८० च्या दशकातच बंद झाला. कायदेशीर मार्गानं मिळतं ते पॉइंट ३२ सारख्या बोअरचं, म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्यातली रिव्हॉल्व्हरं वगैरे. तेही वय २१ पूर्ण असेल, जिल्हाधिकाऱ्यांना कारण पटेल, पोलिसांचा अहवाल चांगला येईल आणि हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतलं असेल तर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात.

थोडक्यात, ज्या तीन ब्रँडवर कट्ट्यावर तासभर वाद होतो, ते आपल्यापैकी कुणाच्याही घरी रीतसर येऊ शकत नाहीत. मग स्टेटसवरचा तो ‘ग्लॉक’ कुठला? एकतर तो लायटर असतो किंवा खेळण्यातला. नाहीतर मग त्याचा रस्ता ऑस्ट्रियाला जात नाही, चोपड्यावरून सातपुड्यात जातो.

‘यूएसए’तला यू उमर्टीचा

चोपडा तालुक्याच्या सीमेवर उमर्टी आहे. नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातही उमर्टीच, आपल्याकडे तिला ‘पार उमर्टी’ म्हणतात. गावठी पिस्तुलांसाठी हे नाव पोलीस दप्तरात वर्षानुवर्षं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच भागात कारवाईला गेलेल्या चोपडा ग्रामीण पोलिसांच्या पथकावर हल्ला झाला, एका कर्मचाऱ्याला पलीकडे ओढून नेलं गेलं आणि काही तासांनी त्याची सुटका झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलीस शंभरावर माणसं घेऊन थेट पार उमर्टीत उतरले. शहरातल्या गुन्ह्यांतल्या पिस्तुलांचा माग काढत ते तिथवर पोहोचले होते. पन्नासच्या आसपास भट्ट्या तोडल्या, तीसहून जास्त लोकांना ताब्यात घेतलं.

तिथं पिढ्यान्‌पिढ्या लोखंडकाम करणारे सिकलीगर कारागीर आहेत. त्यांचे पूर्वज शीख फौजांची शस्त्रं घडवायचे, त्यांना धार लावायचे. सगळी जमात गुन्हेगार ठरवणं सोपं आहे, पण चूक आहे. हातात कसब आहे आणि त्या कसबाला रीतसर काम नाही, हाही या गोष्टीचा एक भाग आहे. भट्टी एका दिवसात तोडता येते आणि पुन्हा उभी करायलाही फार दिवस लागत नाहीत. त्यात हद्दीचा प्रश्न : बनतं एका राज्यात, विकलं जातं दुसऱ्या राज्यात. गिऱ्हाईक आहे तोवर नुसत्या छाप्यांनी हे थांबणार नाही.

आणि गिऱ्हाइकाला काय हवं असतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून गावठी पिस्तुलावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का मारलेला असतो. हा यू अमेरिकेचा नाही, उमर्टीचाच समजायचा. बाहेरून स्लाइड, मॅगझिन, ग्रिप, सगळं फोटोत शोभेल असं. आत मात्र मघाशी मोजलेलं काहीच असेल याची खात्री नाही. पिनला अडवणारी सेफ्टी नाही, खाली पडल्यावर थांबवणारी यंत्रणा नाही. नळीचं पोलाद कुठलं, ते नीट तापवून-थंडवून कणखर केलंय का, दाब सोसेल का, हे कुणी तपासलेलं नाही. काडतूस फुटतं तेव्हा नळीत प्रचंड दाब तयार होतो. नळीनं तो सोसला नाही तर फुटणारी वस्तू तुमच्याच मुठीत असते. आणि हे कमरेला खोचून बाइकवरून फिरायचं? आपल्या रस्त्यांवरून?

चाचणी म्हणजे काय, हे बघायला आपल्याला लांब जायला नको. भुसावळजवळ वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, आपल्या फौजांसाठी काडतुसं बनवणारी. तिथला माल तपासणीतून पास झाल्याशिवाय बाहेर पडत नाही आणि काडतुसाच्या बुडाशी कारखान्याची खूण असते. साध्या काडतुसालाही आपला बाप सांगता येतो. लाखभर फॉलोअर्सना दाखवलेल्या त्या ‘ग्लॉक’ला नाही.

पंचनाम्यात ब्रँडचा रुबाब नाही

आता कायदा. विनापरवाना हत्यार जवळ सापडलं तर शस्त्र कायद्याचं कलम २५ लागतं. साध्या, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या हत्यारासाठी किमान दोन ते कमाल पाच वर्षं कैद, वर दंड. ते प्रतिबंधित प्रकारात मोडलं तर ७ ते १४ वर्षं. बनवणाऱ्याला-विकणाऱ्याला किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत. लग्नात, वाढदिवसाला, मिरवणुकीत हौसेनं बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे परवानाधारकालाही लागू आहे, आणि सार्वजनिक ठिकाणी हत्यार मिरवायला त्यालाही बंदी आहे.

‘माझं नाही, मित्रानं ठेवायला दिलं’ हे वाक्य इथं फार कामाला येत नाही. तुम्हाला माहीत असताना ते तुमच्या ताब्यात होतं, एवढं पुरेसं ठरू शकतं. आणि ‘फक्त फोटोपुरतं हातात घेतलं’ म्हणालात, तर तो फोटो तुम्हीच पोलिसांना पुरवलेला असतो.

शिक्षा नंतरची गोष्ट. आपल्याकडे पहाटे ग्राउंडवर धावणारी कितीतरी पोरं पोलीस भरती, एसआरपी, आर्मीची तयारी करतात. लेखी निघते, ग्राउंड निघतं आणि मग चारित्र्य पडताळणी येते. शस्त्र कायद्याचा गुन्हा तिथं लपत नाही. पासपोर्टलाही तोच पोलीस अहवाल लागतो. पंधरा सेकंदांच्या रीलसाठी चार वर्षांचा घाम जातो. ज्याला खरंच सरकारी पिस्तूल कमरेला लावायचं होतं, त्याचंच स्वप्न गावठी पिस्तूल मोडतं.

आवड असेल तर

ज्यांना हे यंत्र मनापासून आवडतं, त्यांच्यासाठी दार उघडं आहे. एनसीसीत जा, पॉइंट २२ रायफलवर नेम धरायला शिकवतात. नेमबाजीत उतरा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा तो मध्य रेल्वेत नोकरी करत होता. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं.

आणि ब्रँडवर वाद घालायचाच असेल तर इथं खुशाल घाला. १० मीटर एअर पिस्तुलात स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी अशी खरी चुरस आहे. पिस्तूल दीड किलोपेक्षा जड नको, ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, हा नियम सगळ्यांना सारखा. मग ग्रिप कुणाची हातात बसते, तोल कुणाचा चांगला, यावर रात्रभर बोला. त्या वादातून निदान स्कोअर तरी सुधारतो.

उद्या कट्ट्यावर कुणी शर्ट वर करून कंबर दाखवली आणि ‘ओरिजिनल आहे’ म्हणाला, तर त्याला एकच विचारा : हे तुझ्या हातात फुटलं, तर तक्रार कुणाकडे करशील? उत्तराची वाट बघत तिथं थांबू नका. चहा अर्धा राहिला तरी चालेल. बाजूला व्हा आणि ११२ ला फोन लावा.